खडकाच्या पोटातल्या पोकळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वरच्या कोरड्या वाळूत तांब्याभर पाणी ओतले तर ते बघता बघता नाहीसे होते. तिथून चार-एक किलोमीटरवर, दोनापावलच्या टोकाशी, लाटा झेलत उभा असलेला करडा-काळपट खडक फोडून त्याच्या ताज्या पृष्ठभागावर तेच पाणी ओतले तर ते ओघळून जाते, आत शिरत नाही. हा खडक ग्रेवॅक जातीचा असून भूवैज्ञानिक त्याची गणना सावर्डे शैलसमूहात करतात. आज तो रूपांतरित झालेला असला, तरी मुळात तोही वाळूच होता. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेली, चिखलाने माखलेली वाळू. वाळूच्या दोन कणांमध्ये असलेली जागा या खडकात कुठे गेली, आणि जाताना तिने कोणकोणते आकार घेतले, हा गाळाच्या खडकांच्या अभ्यासातला एक मूलभूत प्रश्न आहे. विहिरीचे पाणी, खनिज तेल, नैसर्गिक वायू, आणि जमिनीखाली साठवायचा कार्बन डायऑक्साइड या साऱ्यांचे गणित त्यावर अवलंबून आहे.

खडकाच्या एकूण घनफळापैकी किती टक्के भाग रिकामा आहे, या आकड्याला सच्छिद्रता म्हणतात. खडकातून पाणी किंवा तेल किती सहज वाहू शकते, याच्या मापाला पार्यता म्हणतात. सच्छिद्रता जास्त म्हणजे पार्यताही जास्त, अशी समजूत सर्रास आढळते. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांतही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. या लेखाचा सारा भर ही समजूत दूर करण्यावर आहे. खडकात पोकळी किती आहे हे एका आकड्यात सांगता येते, पण ती पोकळी कशी जोडलेली आहे हे एका आकड्यात मावत नाही, आणि प्रवाहाचे भवितव्य मात्र त्या जोडणीवरच ठरते.

सुरुवात सर्वांत सोप्या कल्पनेपासून करू. वाळूचे सगळे कण अगदी गोल आणि एकाच आकाराचे आहेत असे समजा. ते रचण्याच्या दोन टोकाच्या पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक गोळा खालच्या गोळ्याच्या नेमका डोक्यावर बसतो; ओळी, रांगा आणि थर सरळ काटकोनात येतात. या सैल रचनेत ४७.६ टक्के जागा रिकामी राहते, म्हणजे जवळजवळ निम्मी. दुसरी पद्धत म्हापशाच्या बाजारात मोसंब्यांचे ढीग लावणाऱ्या विक्रेत्याची: वरच्या थरातले प्रत्येक फळ खालच्या तीन-चार फळांमधल्या खळगीत बसते. या रचनेत रिकामी जागा २६ टक्क्यांच्या किंचित खाली येते. समान गोळ्यांची याहून दाट रचना शक्य नाही, असा अंदाज योहान्नेस केप्लरने १६११ मध्ये मांडला होता. त्याची सिद्धता थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९८ मध्ये जाहीर केली, आणि संगणकाने तिची पायरीपायरीने तपासणी पूर्ण होईपर्यंत २०१४ साल उजाडले. गोळे नुसते ओतून आणि हलवून बसवले, तर रिकामी जागा साधारण ३६ टक्क्यांवर येऊन थांबते. निसर्गातल्या ताज्या, एकसारख्या वाळूची सच्छिद्रता या आकड्याच्या आसपास किंवा थोडी वर असते, कारण खरे कण ओबडधोबड असल्याने एकमेकांना अडून राहतात.

या आकड्यांत कणांच्या आकारमानाचा उल्लेख कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोळे एक मीटरचे असोत की एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे), सगळे सारखे असतील आणि रचना तीच असेल, तर रिकामी जागा तेवढेच टक्के भरते. जाड वाळूत सच्छिद्रता जास्त आणि बारीक वाळूत कमी, हा तर्क सहज सुचतो, पण तो चुकीचा आहे. कणांच्या आकारमानाने बदलते ती रिकाम्या जागेची टक्केवारी नव्हे, तर तिच्या एकेका तुकड्याचा आकार.

आता या रिकाम्या जागेच्या आत जाऊन पाहू. दाट रचनेत ती दोन प्रकारच्या पोकळ्यांत वाटली जाते. चार गोळ्यांच्या मध्ये एक लहान पोकळी असते, आणि सहा गोळ्यांच्या मध्ये एक मोठी. या पोकळ्यांना आपण कक्ष म्हणू. एका कक्षातून शेजारच्या कक्षात जाण्याची वाट मात्र एकमेकांना टेकलेल्या तीन गोळ्यांमधल्या तिकोनी फटीतूनच जाते. या अरुंद जागेला कंठ म्हणू. लहान कक्षाला असे चार कंठ असतात, मोठ्याला आठ. गोळ्याची त्रिज्या १ धरली, तर मोठ्या कक्षात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या चेंडूची त्रिज्या ०.४१४ भरते, लहान कक्षात ०.२२५, आणि कंठातून पार होऊ शकणाऱ्या चेंडूची केवळ ०.१५५. सैल, काटकोनी रचनेत हेच आकडे कक्षासाठी ०.७३२ आणि कंठासाठी ०.४१४ असे असतात.

पाव मिलिमीटर व्यासाची मध्यम वाळू घेतली, तर दाट रचनेतला कंठ सुमारे ३९ मायक्रॉन रुंद निघतो, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. पाण्याला वाळूत शिरल्यापासून दर कणागणिक अशा एकेका फटीतून वाट काढावी लागते. अरुंद नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हागेन आणि प्वाझय यांनी स्वतंत्रपणे प्रयोगाने शोधला: बाकी सगळे तेच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा नव्हे, चौथाईही नव्हे, तर सोळावा हिस्सा उरतो. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. हा चौथा घात या विषयाच्या केंद्रस्थानी आहे, आणि तो नीट समजला की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

सैल रचनेतून दाट रचनेत जाताना सच्छिद्रता ४७.६ वरून २६ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक शिल्लक राहते. कंठाची त्रिज्या मात्र ०.४१४ वरून ०.१५५ वर येते आणि चौथ्या घाताचा हिशेब लावला, तर एका कंठातून जाणारे पाणी ढोबळमानाने पन्नासाव्या हिश्शावर घसरते. दाट रचनेत कंठांची संख्या वाढते आणि कंठ काही लांबलचक नळ्या नसतात, त्यामुळे सबंध वाळूची पार्यता इतकी कोसळत नाही. ऑस्ट्रियाच्या कोझेनीने १९२७ मध्ये मांडलेले आणि कारमनने १९३७ मध्ये सुधारलेले सूत्र वापरले, तर ती साधारण बारापट कमी होते असे उत्तर येते. पोकळी निम्मी झाली, वाहतूक बारापट घटली. त्याच सूत्राप्रमाणे, सच्छिद्रता तीच ठेवून कणांचा व्यास दहापट लहान केला, तर पार्यता शंभरपट कमी होते.

पार्यतेच्या एककाला डार्सी हे नाव आहे ते फ्रान्सच्या दीजाँ शहराला पाणीपुरवठा करणारा अभियंता आन्री डार्सी याच्यावरून. शहरातल्या कारंज्यांच्या कामाच्या अहवालाला १८५६ मध्ये जोडलेल्या टिपणात त्याने वाळूच्या स्तंभातून पाणी सोडण्याचे प्रयोग मांडले. त्याचा नियम आजही भूजलशास्त्राचा पाया आहे. एक डार्सी म्हणजे जवळजवळ एक चौरस मायक्रॉन. पार्यतेचे माप क्षेत्रफळात यावे हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण ते अर्थपूर्ण आहे: हे क्षेत्रफळ खडकातल्या निर्णायक कंठांच्या छेदाशी नाते सांगते, जरी ते त्याच्या बरोबरीचे नसले तरी.

पाण्याला अडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे कणांचा पृष्ठभाग. पाव मिलिमीटरच्या गोल कणांची वाळू एक घनमीटर भरली आणि तिच्यात ३६ टक्के पोकळी असली, तर त्या सर्व कणांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे १५,००० चौरस मीटर होतो, म्हणजे दीड हेक्टर. घरातल्या पाण्याच्या टाकीएवढ्या जागेत दीड हेक्टर भिंत कोंबलेली आहे, आणि पाणी या भिंतीला घासत चालले आहे. ओबडधोबड खऱ्या कणांचा पृष्ठभाग याहून जास्तच असतो.

एकसारखे गोळे मात्र निसर्गात फारसे मिळत नाहीत. लाटांनी आणि वाऱ्याने वर्षानुवर्षे चाळलेली किनाऱ्यावरची किंवा वाळूच्या टेकड्यांवरची वाळू त्यातल्या त्यात एकसारखी असते. नदीच्या पुराने आणलेल्या गाळात मात्र गोटे, वाळू, रेती, चिखल असे सगळे एकत्र येते, आणि बारीक कण मोठ्या कणांमधल्या कक्षांत जाऊन बसतात. १९७३ मध्ये बियर्ड आणि वाइल यांनी कृत्रिमरीत्या मिसळलेल्या ओल्या वाळूंवर केलेली मोजमापे या विषयात आजही प्रमाण मानली जातात. त्यांत अत्यंत एकसारख्या वाळूची सच्छिद्रता सुमारे ४२ टक्के, तर अगदी मिश्र वाळूची सुमारे २८ टक्के आढळली. पार्यतेतला फरक याच्या अनेक पटींनी मोठा असतो, कारण बारीक कण जिथे बसतात ती जागा नेमकी कंठाशी असते. मगाचच्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. मोठ्या कणाच्या ०.१५५ पटीहून लहान कण कंठातून सरकत पुढे जाऊ शकतो. ०.१५५ ते ०.२२५ या पट्ट्यातला कण लहान कक्षात मावतो, पण कंठातून आत-बाहेर करू शकत नाही. रचना होतानाच आत अडकला तर कायमचा आत, आणि बाहेरून वाहत आला तर दाराशीच बूच बनून बसतो. गढूळ पाणी मुरवलेली शोषखड्ड्याची वाळू काही वर्षांत का तुंबते, याचे कारण या भूमितीत आहे.

चिखलाची गोष्ट आणखी निराळी. चिकणमातीचे कण गोल नसून चपटे, पापुद्र्यासारखे असतात, आणि समुद्रतळावर पहिल्यांदा बसताना ते एकमेकांवर आडवेतिडवे टेकतात. त्यामुळे ताज्या चिखलाची सच्छिद्रता ७० ते ८० टक्क्यांपर्यंत असू शकते, कोणत्याही वाळूपेक्षा जास्त. तरीही चिखल पाणी अडवतो, कारण त्यातले कंठ मायक्रॉनच्याही अंशात मोजावे लागतात. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांना भरतीच्या पाण्यापासून राखणारे बांध गोव्यात शतकानुशतके याच गुणावर उभे आहेत. जांभ्या दगडाचा आधार असला, तरी खाऱ्या पाण्याला रोखण्याचे खरे काम आतल्या चिकट मातीचे असते. अर्ध्याहून अधिक पाण्याने भरलेली वस्तू पाण्याला पलीकडे जाऊ देत नाही, हे सच्छिद्रता आणि पार्यता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण आहे.

साचलेल्या वाळूवर पुढे नवे थर येत राहतात आणि ती खाली खाली गाडली जाते. वरच्या वजनाने आधी कण सरकून घट्ट बसतात, मग मऊ कण चेपतात; ग्रेवॅकमध्ये शेल (चिखलाचा पापुद्री खडक) आणि ज्वालामुखी खडकांचे मऊ तुकडे भरपूर असल्याने हे चेपणे विशेष जोरात होते, आणि चेपलेले तुकडे शेजारच्या कंठांत पिळले जातात. त्यानंतर रासायनिक बदल सुरू होतात. पोकळीतून फिरणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना किंवा सिलिका कणांच्या पृष्ठभागावर स्फटिकरूपाने जमू लागते. क्वॉर्ट्झच्या कणावर क्वॉर्ट्झचीच पुटे चढतात. हे काम साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला, म्हणजे बहुधा दोन-तीन किलोमीटर खोलीवर जोर धरते. भिंती सर्व बाजूंनी सारख्या जाडीने फुगत गेल्या, तर कक्ष अजून बऱ्यापैकी मोकळे असतानाच कंठ मिटतात. म्हणजे सच्छिद्रता शून्यावर येण्याच्या बऱ्याच आधी काही कक्ष जगापासून तुटतात.

कंठ एकेक करून मिटू लागले, तर प्रवाह हळूहळू थांबेल की एकदम? हा प्रश्न शुद्ध गणिताचा आहे, आणि १९५७ मध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली या दोन इंग्रज गणितज्ञांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. प्रत्येक कक्षाला सहा शेजारी असलेल्या नियमित जाळ्यात कंठ यदृच्छेने बंद करत गेलो, तर जोवर २५ टक्क्यांच्या आसपास कंठ उघडे आहेत तोवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाट सापडते; त्याखाली गेलो की मोठ्या जाळ्यात अशी वाट जवळजवळ निश्चितपणे उरत नाही. प्रत्येक कक्षाला चारच शेजारी असतील, तर ही सीमा ३९ टक्क्यांवर जाते. बऱ्याच वालुकाश्मांच्या नमुन्यांत एका कक्षाला सरासरी चारच्या आसपास कंठ आढळतात, त्यामुळे हा दुसरा आकडा त्यांना जास्त लागू पडतो. सीमेच्या जवळ पोहोचलेल्या खडकात थोडेसे आणखी सिमेंट, म्हणजे कणांना सांधणारी खनिजांची पुटे, जमले, की पार्यता पार ढासळते आणि सच्छिद्रतेत मात्र नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. या विषयातला हा मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे, कारण इथे रसायन, वजन, काळ सगळे बाजूला राहते आणि नुसत्या जोडणीची मोजदाद खडकाचा स्वभाव सांगते.

ही मोजदाद आणखी एका प्रकारे करता येते. जाळ्यात कक्ष किती आणि कंठ किती हे मोजा. कंठांच्या संख्येतून कक्षांची संख्या वजा करून १ मिळवा. जाळे सलग असेल तर येणारे उत्तर म्हणजे त्यातल्या स्वतंत्र वळशांची संख्या, म्हणजेच एखादी वाट बंद झाल्यावर वळसा घालून जाण्याचे पर्याय. १,००० कक्ष आणि २,००० कंठ असतील तर १,००१ वळसे. कंठ १,१०० वर आले तर फक्त १०१. सगळे कक्ष अजून जोडलेलेच आहेत, सच्छिद्रता जवळपास तेवढीच आहे, पण आता प्रत्येक अडथळा महागात पडतो, आणि पाण्याला एका सेंटिमीटरच्या सरळ अंतरासाठी कितीतरी लांबची वाकडी वाट चालावी लागते.

कंठ मिटवणाऱ्यांत चिकणमातीच्या खनिजांचाही मोठा हात असतो, आणि इथे प्रमाणापेक्षा आकार महत्त्वाचा ठरतो. केओलिनाइटचे स्फटिक पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले, कक्षाच्या मधोमध बसतात; ते जागा खातात, पण वाट पूर्ण अडवत नाहीत. इलाइटचे स्फटिक मात्र केसांसारखे लांब तंतू होऊन कंठांत आडवे वाढतात. वजनाने ते खडकाचा नगण्य हिस्सा असतात, पण पार्यता दहापट किंवा त्याहून अधिक घटवू शकतात. त्यात भर म्हणजे नमुना प्रयोगशाळेत हवेवर वाळवला की हे तंतू भिंतींना चिकटून जातात, कंठ उघडतात आणि पार्यता खोटीच जास्त मोजली जाते. म्हणून असे नमुने वाळवताना विशेष काळजी घ्यावी लागते.

खडकातली पोकळी फक्त कमीच होत जाते असे नाही. ती नव्यानेही तयार होते, आणि त्याचे ठळक उदाहरण गोव्याच्या खाणपट्ट्यातच आहे. डिचोली, साखळी, सांगे या भागांतले लोहखनिज मुळात पट्टेदार लोहखडकातून आले आहे. प्राचीन समुद्रात लोह आणि सिलिका यांचे आलटूनपालटून पातळ थर साचून हा खडक बनला. त्याची मूळची पोकळी केव्हाच संपली होती. पुढे उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात जमिनीत मुरणाऱ्या पाण्याने दीर्घकाळ सिलिका विरघळवून नेली आणि लोहाचे कण मागे राहिले. जिथे सिलिकेचे पट्टे होते, तिथे आता रिकाम्या जागा आहेत. कित्येक ठिकाणी तर सगळा सांगाडाच ढासळून भुकटी झाली आहे, जिला खाणीतली माणसे ब्लू डस्ट म्हणतात. ही भुकटी पाणी साठवते आणि वाहूही देते. खोल खाणींच्या खड्ड्यांतून सतत पाणी उपसावे लागत असे त्यामागचे एक मोठे कारण हे आहे, आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाणीतल्या उपशाशी का जोडलेली असते याचे उत्तरही इथेच मिळते.

चुनखडकांत विरघळण्याचा हा खेळ अधिक गुंतागुंतीचा असतो. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचे तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. चुनखडकात शंखशिंपले विरघळून त्यांच्याच आकाराच्या पोकळ्या मागे राहतात. अशी पोकळी डोळ्यांना दिसेल एवढी मोठी असली, तरी तिच्याभोवतीचा खडक घट्ट असेल तर ती एकटी पडते, आणि तिच्यातले तेल विहिरीपर्यंत पोहोचत नाही. चोकेट आणि प्रे यांनी १९७० मध्ये चुनखडकातल्या पोकळ्यांचे जे वर्गीकरण केले, त्यात पोकळीचा आकार खडकाच्या घडणीशी जुळतो की तिला कापून जातो, हा प्रश्न पहिला ठेवला, तो योग्यच होता.

एकाच खडकात पाणी आणि तेल असे दोन द्रव असतील, तर कंठाचे महत्त्व आणखी वाढते. पाणी बहुतेक खनिजांना चिकटते, तेल सहसा चिकटत नाही. तेलाच्या थेंबाला कंठातून जायचे तर वाकावे लागते, आणि त्यासाठी लागणारा दाब कंठाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. चिखलाच्या खडकातला कंठ २० नॅनोमीटर त्रिज्येचा धरला, तर हा दाब ३० वातावरणांच्या, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या तीसपटीच्या घरात जातो. म्हणून वालुकाश्मावर चिखलखडकाचा थर असला की तेल त्याखाली लाखो वर्षे अडून राहू शकते. उपसताना उलटी अडचण येते. पाणी तेलाला ढकलत पुढे येते, कोपऱ्याकोपऱ्यांतून सरकत कंठाच्या आतून जाडसर कडे धरते, आणि कंठातला तेलाचा धागा तुटतो. कक्षात अडकलेला थेंब मग तिथेच राहतो. तेलक्षेत्रातले बरेचसे तेल जमिनीतच राहण्यामागे हे एक कारण आहे. कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवू पाहणाऱ्यांना मात्र हेच अडकणे हवे असते.

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे कसे? सर्वांत जुनी आणि आजही मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी रीत म्हणजे पातळ छेद. खडकाच्या तुकड्यात निर्वात करून निळी राळ भरतात, ती कडक झाल्यावर तुकडा काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्वॉर्ट्झचे कण पारदर्शक दिसतात आणि जिथे जिथे पोकळी होती तिथे निळा रंग दिसतो. चांगल्या वालुकाश्मात निळे कक्ष ठळक असतात, पण त्यांना जोडणारे कंठ फारच थोडे दिसतात. याचा अर्थ ते नाहीत असा नव्हे. सपाट काप नेमका एखाद्या कंठातून जाण्याची शक्यताच कमी असते. ग्रेवॅकच्या छेदात निळे जवळजवळ काहीच नसते. कण, त्यांच्यामध्ये पिळलेले मऊ तुकडे, आणि सगळे सांधणारी बारीक खनिजांची करडी वीण, एवढेच दिसते.

दुसरी रीत पाऱ्याची. पारा खडकाला चिकटत नाही, म्हणून त्याला दाबाने आत ढकलावे लागते. एक मायक्रॉन त्रिज्येच्या कंठात शिरायला सुमारे सात वातावरणांचा दाब लागतो. दाब वाढवत नेऊन प्रत्येक टप्प्याला किती पारा आत गेला हे मोजले की कंठांच्या आकारांची वाटणी मिळते. पण मोठ्या कक्षाकडे जाणारी वाट बारीक असेल, तर त्या कक्षाचे सगळे घनफळ बारीक कंठाच्या नावावर जमा होते. पाऱ्याची मोजणी कक्ष किती मोठे हे सांगत नाही, दारे किती रुंद हे सांगते, आणि अनेक अहवालांत हा फरक विसरला जातो. गेल्या काही दशकांत सूक्ष्म सीटी स्कॅनने ही कोंडी बरीच फोडली आहे. काही मिलिमीटरचा तुकडा फिरवत क्ष-किरणांनी त्याची हजारो चित्रे घेतात आणि संगणक त्यांतून त्रिमितीय प्रतिमा रचतो. प्रत्येक बाजूला १,००० ठिपके धरले तरी एका प्रतिमेत १०० कोटी ठिपके होतात, आणि त्यांतून प्रत्येक कक्ष, प्रत्येक कंठ, प्रत्येक वळसा मोजता येतो. मर्यादा दोन: ठिपक्याहून बारीक कंठ दिसत नाही, आणि काही मिलिमीटरचा तुकडा सबंध डोंगराचे प्रतिनिधित्व करील याची खात्री नसते.

ही दुसरी मर्यादा गोव्यात फार जाणवते, कारण इथल्या घट्ट खडकांत पाणी कणांमधल्या पोकळीतून नव्हे, तर भेगांतून फिरते. भेगेचा हिशेब वेगळा आहे: तिच्यातला प्रवाह रुंदीच्या तिसऱ्या घाताने बदलतो. ग्रेवॅकमध्ये दर मीटरला ०.१ मिलिमीटर रुंदीची एकच सलग, गुळगुळीत भेग आहे असे धरा. तिने दिलेली सच्छिद्रता ०.०१ टक्के, म्हणजे नसल्यात जमा. पण भेगेच्या दिशेने पार्यता सुमारे ०.०८ डार्सी निघते, जी १५-२० टक्के पोकळी असलेल्या अनेक बऱ्या वालुकाश्मांच्या तोडीची आहे. भेग ०.२ मिलिमीटरची झाली तर हा आकडा आठपट होतो. एकाच वाड्यावर पन्नास पावलांच्या अंतराने खणलेल्या दोन बोअरवेलपैकी एक भरभरून वाहते आणि दुसरी कोरडी जाते, ते यामुळे.

अशा भेगेची दुसरी बाजूही हिशेबात धरायला हवी. एका घनमीटर खडकात ती भेग पुरी भरली, तरी पाणी मावते फक्त १०० मिलिलिटर. तेवढ्याच वाळूत ३६० लिटर मावते. भेग पाणी आणून देते, साठवत नाही. साठा असतो तो वरच्या जांभ्यात आणि कुजून सैल झालेल्या खडकात. जांभा गाळाचा खडक नव्हे, पण त्यातल्या वेड्यावाकड्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने पावसाचे पाणी तो झटपट पिऊन घेतो. त्याखालच्या चिकणमातीच्या थराशी ते अडते आणि डोंगराच्या कुशीत झरीच्या रूपाने बाहेर येते. खालच्या भेगेचे तोंड अशा साठ्याला कुठेतरी भिडलेले असेल, तर बोअरवेल मे महिन्यातही टिकते. तसे नसेल, तर पहिल्या दिवशी पंपाने जोरात आलेले पाणी काही आठवड्यांत आटू शकते. पंप तासभर चालवून आलेल्या प्रवाहावरून विहिरीची क्षमता ठरवण्याची पद्धत इथल्या खडकांना म्हणूनच लागू पडत नाही. पंप सलग बराच काळ चालवून पातळी किती वेगाने खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेगाने परत चढते, हे दोन्ही नोंदवले, तरच भेगेमागे साठा आहे की नाही हे कळू शकते, आणि ही चाचणी पावसाळा सरल्यावर लगेच न घेता उन्हाळ्याच्या शेवटी घेणे अधिक उपयोगी ठरते.